घरात बसून ‘घरी नव्हतो’ : इंदिरानगरात आलेला एका कुरिअर सर्व्हिसचा अनुभव

दोन स्टार देतोय. एक त्या ट्रक ड्रायव्हरला ज्याने भिवंडीहून रातोरात माझं पार्सल नाशिकला आणलं, आणि दुसरा त्या रायडर पोराला, त्याचं पुढे येईलच. कंपनीला स्वतःला काहीच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की लगेच त्यांचा कोणीतरी येतो आणि ‘सर प्लीज डीएम करा’ म्हणतो आणि मग तिथेही काही होत नाही, आणि दुसरं म्हणजे गल्लीत विचारलं तर प्रत्येकाकडे वेगवेगळ्या कंपनीची हीच स्टोरी निघाली. त्यामुळे ज्याला जी कंपनी आठवेल ती त्याने समजून घ्यावी.

पार्सल उशिरा आलं म्हणून हे लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो. उशीर आपण समजू शकतो. सिंहस्थाच्या कामांसाठी निम्मं शहर खोदून ठेवलंय, बोगद्यापाशी संध्याकाळी अर्धा अर्धा तास गाडी हलत नाही, मला काय माहिती नाही का. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मी घरात, दारात, जागा असताना यांनी माझ्या नावासमोर लिहिलं की ग्राहक घरी उपलब्ध नाही. म्हणजे आले नाही ते आले नाही, वर खापर माझ्याच डोक्यावर!

तर मागवलं काय होतं? मिक्सरचं भांडं. चटणीचं, सगळ्यात छोटं. आमच्या मिक्सरच्या भांड्याचा बुश गेला होता, खालून काळं पाणी गळायचं आणि आवाज असा की शेजारच्या काकू विचारायच्या, ड्रिलिंग चाललंय का. आधी मेन रोडला जाऊन आलो, मग भद्रकालीत एका दुकानात विचारलं, तो म्हणाला हे मॉडेल कंपनीनेच बंद केलं, लोकल भांडं बसवून देतो पण गळलं तर माझ्याकडे यायचं नाही. इतकं प्रामाणिक उत्तर ऐकल्यावर मी हात जोडले आणि ऑनलाइन मागवलं. ओरिजनल, पैसे आधीच भरलेले. तोपर्यंत घरात खलबत्ता निघाला. बायको रोज सकाळी शाळेत जायच्या आधी शेंगदाण्याची चटणी कुटून जायची, आणि आमचे अण्णा, म्हणजे वडील, रोज जेवताना न चुकता म्हणायचे की मिक्सरच्या चटणीला ही चव नाही. हे वाक्य त्यांनी बायकोसमोर म्हणायला नको होतं, पण ते अण्णा आहेत.

आता माझी ड्युटी. मी अंबड एमआयडीसीत आहे आणि त्या आठवड्यात माझी नाईट होती. नाईट म्हणजे सकाळी सातला सुटायचं, घरी येऊन चहा, अंघोळ आणि नऊच्या आत झोप. नऊच्या पुढे गेलं की झोप उडते आणि मग रात्री मशीनसमोर डोळे मिटतात, हे ज्यांनी नाईट केलीय त्यांना सांगायची गरज नाही. तर बरोबर साडेआठला मेसेज, ‘तुमचं पार्सल आज पोहोचेल, डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी द्या’. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार. आई अण्णा घरी असतात पण ओटीपी वगैरे भानगड त्यांच्याकडून होत नाही आणि होऊही नये, बँकेवाल्यांनी सांगून सांगून त्यांच्या मनात इतकी भीती बसवलीय की आई तर ओटीपी शब्द ऐकला तरी फोन कट करते. आणि माझा फोन त्यांच्याकडे देऊन मी झोपलो तर रिंग वाजल्यावर त्या हिरव्या बटणाला नुसतं दाबत बसतात, ते सरकवायचं असतं. म्हणजे जागं कोण राहणार? मीच.

वेळ किती ते सांगतच नाहीत. ‘आज’. आज म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ. पोराकडचे लोकसुद्धा पोरगी बघायला येताना दुपारी चारच्या सुमारास येतो म्हणून सांगतात हो.

मी हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलो. त्यात साडेदहाला मेंटेनन्ससाठी लाईट गेली, म्हणजे बेल बंद. आता बेल वाजली नाही म्हणून तो परत गेला तर? म्हणून मिक्सरच्याच जुन्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर स्केच पेनने मोठ्या अक्षरात ‘बेल बंद आहे. हाक मारा. घरात माणूस आहे.’ असं लिहिलं आणि गेटला सुतळीने बांधलं. दार उघडं ठेवलं, पडदा लावला. पंखा नाही, मे महिना, बनियनवर मी, डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतंय आणि बाहेर कुठल्याही बाइकचा आवाज आला की उठून बघायचं. संडासला जायचीसुद्धा चोरी, गेलो तर आईला दारात उभं करून गेलो. आई म्हणाली, अरे पंतप्रधान येणार आहेत का?

जेवलो, पान वाढून खुर्चीतच. अण्णांनी वामकुक्षी घेतली, ते घोरत होते आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला की काय सांगू.

सहा वाजून गेल्यावर मोबाइल वाजला. मी धडपडून उठलो, तर कॉल नाही, मेसेज. ‘आम्ही आज तुमचं पार्सल देण्याचा प्रयत्न केला, मात्र आपण उपलब्ध नव्हता. उद्या पुन्हा प्रयत्न करू.’

मी पहिल्यांदा गेटपाशी गेलो. पुठ्ठा जागेवर होता. ‘घरात माणूस आहे.’

दुसऱ्या दिवशी परत तेच, फक्त या वेळी कारण बदललं. ‘ग्राहकाने तारीख बदलण्याची विनंती केली.’ मी? कोणाला? कधी? माझ्या फोनवर त्या दिवशी एका क्रेडिट कार्डवालीचा आणि सासऱ्यांचा सोडून फोनच नव्हता. आणि सासरे काय माझ्या पार्सलची तारीख बदलणार नाहीत.

मग माझं डोकं फिरलं. समोरच्या बंगल्यावर कॅमेरा आहे, त्याच्यात आमचं गेट आणि निम्मी गल्ली दिसते. त्या काकांकडे गेलो, म्हटलं काका जरा फुटेज बघू द्या. त्यांना तर आनंदच झाला, रिटायर माणूस, कॅमेरा बसवल्यापासून पहिल्यांदाच त्याचा कोणाला उपयोग होत होता. काकूंनी सरबत दिलं आणि आम्ही दोघं टीव्हीवर मोठ्या पडद्यावर आमची गल्ली बघत बसलो, फास्ट फॉरवर्ड करून. घंटागाडी आली. भाजीवाला आला, त्याने आमच्या गेटवरचा पुठ्ठा वाचला आणि हाक मारली, ती आईने ऐकून कोथिंबीर घेतली, हेही दिसलं. गॅसवाला पुढच्या घरी गेला. पांढरी कुत्री गेटसमोर येऊन सावलीत झोपली आणि सावली सरकली तशी तीही सरकत गेली. मी स्वतः दारात येऊन बघून जाताना किती वेळा दिसलो ते बघून मलाच कसंतरी झालं, काका तर म्हणाले, तुम्ही फारच येरझाऱ्या घालत होता हो. कुरिअरची बॅग घेतलेला माणूस मात्र अख्ख्या दिवसात गल्लीत शिरलाच नाही. गल्लीच्या तोंडाशीसुद्धा नाही.

हे सगळं कस्टमर केअरला सांगितलं. आधी चॅटवर, तिथे मशीन बोलतं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’, मग चार पर्याय, त्यात माझा प्रॉब्लेम नाहीच. ‘माझं पार्सल कुठे आहे’ दाबलं की ते सांगतं नाशिक हबला, म्हणजे त्यांच्या अंबडच्या गोडाऊनला आहे. अरे ते मला माहितीय! ‘एजंटशी बोला’ टाइप केलं तर म्हणतं मला समजलं नाही. शेवटी शिवी टाइप केली तेव्हा लगेच एजंट जोडला, ही टिप फुकट देतोय. तो एजंट भला होता पण त्याच्या हातात काही नव्हतं. म्हणाला सर, सिस्टममध्ये प्रयत्न झाल्याचं दिसतंय. मी म्हटलं माझ्याकडे फुटेज आहे. तो म्हणाला, फुटेज अपलोड करायला ऑप्शन नाही सर, मी तुमचा इश्यू एस्केलेट करतो, २४ ते ४८ तास लागतील. आता हे एस्केलेट प्रकरण मला कळलेलं नाही, ते नेमकं कुठे चढतं आणि वर गेल्यावर त्याचं काय होतं. आमच्या कंपनीत ब्रेकडाऊन एस्केलेट केला तर पाच मिनिटात मेंटेनन्सचा माणूस पाना घेऊन उभा असतो.

ट्रॅकिंग बघितलं तर जास्तच चिडचिड होते म्हणून सांगतो. भिवंडीच्या गोडाऊनमधून रात्री निघालं, पहाटे नाशिक. आता तर समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पाही २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, कसारा घाटातला तो जुना ताप राहिला नाही. म्हणजे सह्याद्री एका रात्रीत ओलांडला आणि अंबडहून इंदिरानगरला यायला जमेना. अंबड ते आमचं घर मी रोज टू व्हीलरवर येतो जातो, पाथर्डी फाट्यावर सिग्नल लागला तरी चहा निवायच्या आत घरी.

पत्ता चुकीचा असेल असं कोणी म्हणेल, तर तेही नाही. पिनकोड ४२२००९, बरोबर. अंबडचा ४२२०१०, तो नाही. जाता जाता एक, हा पिनकोड ज्यांनी बसवला ते आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडे सुरू झाले. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून कुठल्या जिल्ह्याच्या सॉर्टिंगला जायचं ते, शेवटचे तीन कुठलं पोस्ट ऑफिस. भाषा कुठलीही असो, अक्षर कितीही घाण असो, आकडे बघून पत्र पोहोचलं पाहिजे हा त्यामागचा हिशोब. आता तर पोस्टाने २०२५ मध्ये डिजिपिनही आणला, दहा अक्षरांचा कोड आणि त्यात चार मीटर बाय चार मीटरची जागा कळते. म्हणजे आमच्या हॉलमधली माझी खुर्चीसुद्धा सापडेल. तरी रायडरचा फोन आला तर पहिला प्रश्न हाच, ‘दादा कुठल्या मंदिराजवळ?’ त्यालाही माझी ना नाही, मंदिर सांगतो, पण फोन तर करा.

फोनवरून आठवलं. यांचे फोन खऱ्या नंबरवरून येत नाहीत, मधे सिस्टमचा नंबर असतो, म्हणजे त्याला माझा नंबर दिसत नाही आणि मला त्याचा. हे सेफ्टीसाठी चांगलंच आहे, विशेषतः बायामाणसांसाठी. पण तो नंबर लोक स्पॅम म्हणून टाकून देतात, आणि उलटा लावला तर लागतच नाही. त्यामुळे मी त्या आठवड्यात एकही अनोळखी फोन सोडला नाही, सगळे उचलले. पर्सनल लोन, प्लॉट, पतसंस्था, सगळ्यांशी गोड बोललो.

आणि याच नादात एक मेसेज आला, ‘तुमचा पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल थांबवले आहे, १२ तासात पत्ता अपडेट करा’ आणि खाली लिंक. उघडल्यावर पाच रुपये भरायला सांगत होतं, कार्ड टाकून. बायकोने बघितलं आणि हातातून फोन काढून घेतला. हा ठरलेला फ्रॉड आहे, पोस्टाच्या नावानेसुद्धा असे खोटे मेसेज फिरतात आणि सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने त्याबद्दल सावधही केलंय. पाच रुपये घेत नाहीत ते, कार्डचा नंबर घेतात. कोणाचे गेले असतील तर १९३० ला, सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, जितका लवकर तितकं बरं. पण मला सांगायचंय ते असं की हे चोर बरोबर कोणाला पकडतात? ज्याचं पार्सल खरंच अडकलंय आणि ज्याला खरी कंपनी काहीच नीट सांगत नाही, त्याला. खऱ्या मेसेजमध्ये खोटं आणि खोट्या मेसेजमध्ये माझ्या मनातलं, मग माणूस फसणारच.

आमच्या आईचं म्हणणं, पोस्टमन बरा. आणि तिचं खोटं नाही. पोस्टाला आपण नावं ठेवतो, पण घरी कोणी नसलं तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो, वस्तू पोस्टात सात दिवस ठेवतात, ओळखपत्र घेऊन जा आणि सही करून आणा. कुठे आहे ते माहिती, काउंटर माहिती, समोर माणूस बसलेला. स्पीड पोस्ट १९८६ मध्ये सुरू झालं, आता २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही त्यातच आणलंय. आमच्या भागातला पोस्टमन तर अण्णांना पेन्शनच्या कागदापासून ओळखतो, दार बंद दिसलं तर मागच्या पडवीतून हाक मारतो. उगाच जुन्याचं कौतुक करत नाहीये, त्यांच्याकडे रांग असते, सर्व्हर डाऊन असतो, जेवायची सुट्टी असते. पण माणूस घरात असताना ‘नव्हता’ असं त्यांनी आमच्याबाबतीत तरी कधी लिहिलं नाही.

शेवटी मी हबला गेलो. कस्टमर केअरवाला पत्ता द्यायला तयार नव्हता, ‘सर तिथे ग्राहकांना परवानगी नाही’. पण अंबडमध्ये इतकी वर्षं काढलीत, आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीला विचारलं, त्याने हाताने दाखवलं, त्या प्लायवूडवाल्याच्या मागचा गाळा. संध्याकाळी उठून गेलो.

गाळ्याचं शटर अर्धं खाली. आत ट्यूबलाईट, दोन टेबल फॅन आणि जमिनीवर पार्सलच पार्सल. पांढऱ्या गोणींवर मार्करने रूट लिहिलेले, सिडको, इंदिरानगर, पाथर्डी, विल्होळी. एक मुलगी मांडी घालून बसली होती, एका हाताने पार्सल उचलायची, दुसऱ्या हातातल्या स्कॅनरने टिक करायची आणि न बघता बरोबर गोणीत टाकायची, एकही बाहेर पडत नव्हतं. असा हात मी फक्त आमच्या पॅकिंग लाईनवर बघितलाय. आणि कागद, प्लास्टिक, चिकटपट्टीचा तो वास.

शटरच्या बाहेर आम्ही. म्हणजे मी एकटा नव्हतो. एक काकू होत्या, पोरीच्या साखरपुड्याची साडी अडकलेली, साखरपुडा रविवारी. एक कॉलेजचा मुलगा, त्याचं पुस्तक. एक मेडिकलवाले भाऊ. एक गृहस्थ तर सिन्नर फाट्याहून आले होते, त्यांना नाशिक रोडच्या हबने इकडे पाठवलं आणि इकडचे म्हणत होते तुमचं तिकडेच आहे. बोलता बोलता सगळ्यांनी मोबाइल काढून एकमेकांना दाखवले. सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच, ग्राहक उपलब्ध नाही. इतके सगळे ‘उपलब्ध नसलेले’ लोक एका ठिकाणी उपलब्ध झालेले मी पहिल्यांदा बघितले. काकू म्हणाल्या, अहो मी तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर घराबाहेरच पडले नाही, आज पहिल्यांदा पडले ती यांच्यासाठी. सिक्युरिटीवाला म्हणाला इथे गर्दी करू नका. मग सगळे त्याच्यावरच चढले, तो बिचारा त्याच्या खुर्चीवर जाऊन बसला.

तेवढ्यात रायडर लोक परत यायला लागले. एकेकाच्या पाठीवर ती मोठी काळी बॅग, बाइकच्या टाकीवर अजून एक गोणी. त्यात इंदिरानगरचा रूटवाला पोरगा होता, विशीतला असेल, शर्ट पाठीला चिकटलेला. मी सरळ त्याला धरला, म्हणजे हाताने नाही, तोंडाने. म्हटलं दादा, तू आमच्या गल्लीत आलाच नाहीस, मग मी घरी नव्हतो हे तुला कोणी सांगितलं?

तो बाटलीतलं पाणी प्यायला आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘दादा, खरं सांगू का, मला टाइमच पुरला नाही. पण ॲपमध्ये टाइम पुरला नाही असा ऑप्शनच नाही.’ त्याने मोबाइल दाखवला. पार्सल दिलं नसेल तर कारण निवडायचं, आणि कारणं ठरलेली. ग्राहक उपलब्ध नाही. दार बंद. पत्ता अपूर्ण. ग्राहकाने तारीख बदलली. ग्राहकाने नकार दिला. बस. यातलं एक टाकल्याशिवाय दिवसाची रनशीट, म्हणजे त्या दिवसाच्या पार्सलांची यादी, बंद होत नाही, आणि रनशीट बंद झाल्याशिवाय हिशोब होत नाही आणि घरी जाता येत नाही. पत्ता अपूर्ण टाकलं तर वरून विचारतात, नकार टाकलं तर ग्राहकाच्या फोनवर ओटीपी जातो, म्हणून सगळे उपलब्ध नाही टाकतात. आणि सकाळी ते ‘आउट फॉर डिलिव्हरी’ जे येतं, ते गोणी स्कॅन झाली की आतल्या सगळ्यांना एकदम जातं, त्याचा अर्थ फक्त एवढाच की तुमचं पार्सल आज त्याच्या गोणीत आहे. त्याच्या नकाशावर तुमचा नंबर शेवटून पहिला असला तरी मेसेज साडेआठलाच.

पैसे पार्सल पोहोचलं तरच, नगामागे. पेट्रोल त्याचं, बाइक त्याची, पंक्चर त्याचं. सोसायटीच्या लिफ्टसाठी थांबला तर तो वेळ त्याचा. एका टॉवरमध्ये दहा पार्सल देता येत असतील तर तो आमच्या रो हाऊसच्या गल्लीत एका मिक्सरच्या भांड्यासाठी आधी कशाला येईल? मीही नसतो आलो. आमच्या शॉप फ्लोअरवर पण असंच आहे, टार्गेट झालं नाही तर रजिस्टरमध्ये कारण लिहायचं असतं, पण तिथे ‘मटेरियल आलं नाही’, ‘लाईट गेली’, ‘माणूस कमी’ असे रकाने तरी आहेत, खरं लिहायची सोय आहे. यांच्या ॲपमध्ये चूक नेहमी ग्राहकाचीच, असा एकही रकाना नाही ज्यात कंपनीची चूक भरता येईल. हे कोणीतरी एसीत बसून ठरवून बनवलंय, त्या पोराने नाही.

आणि हे नुसतं मनाला लागायची गोष्ट नाही. असे प्रयत्न झाल्याची नोंद दोनतीनदा पडली की पार्सल आपोआप परत पाठवतात, आरटीओ म्हणतात त्याला, रिटर्न टू ओरिजिन. मग विकणाऱ्यालाही कळतं की गिऱ्हाईक घरी सापडत नाही. त्याचा परत आणायचा खर्च, माझे पैसे अडकलेले, आणि रिफंडसाठी परत त्याच मशीनशी चॅट.

त्या पोराने मात्र आत जाऊन इंदिरानगरची गोणी उपडी केली आणि त्यातून माझं खोकं शोधून आणलं. एक कोपरा चेपलेला. सुपरवायझरने आधार कार्ड बघितलं, ओटीपी आला, मी सांगितला. काकूंची साडीपण निघाली, त्यांनी तिथेच उघडून रंग बघितला आणि त्यांचं तोंड बघून सगळ्यांनाच बरं वाटलं. सिन्नर फाट्यावाले गृहस्थ तसेच उभे होते मी निघालो तेव्हा.

बाइकला किक मारायच्या आत मेसेज. ‘अभिनंदन! तुमचं पार्सल तुमच्या पत्त्यावर पोहोचवलं आहे.’ मी अंबडमध्ये, खोकं माझ्या मांडीवर, आणि यांनी ते इंदिरानगरला पोहोचवलंसुद्धा. सुपरवायझरला दाखवलं तर तो हसला, म्हणे सर, हबवरून दिलं असा ऑप्शन नाही.

आता कामाचं. मी तक्रार केली, कुरिअरकडे नाही तर जिथून भांडं घेतलं त्या साइटकडे, कारण पैसे त्यांना दिलेत आणि कुरिअर त्यांनी निवडलंय. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सचे नियम २०२० पासून आहेत, त्यात साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. पानाच्या सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, पण असतो. त्याने ४८ तासात तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायची. चॅटवर भांडण्यापेक्षा त्या मेलवर लिहा, स्क्रीनशॉट जोडा, आणि मेसेजची वेळ दिसेल असा जोडा. तरी काही झालं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीतही बोलता येतं. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखापर्यंतच्या मालासाठी किंवा सेवेसाठी फी लागत नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येतं. मिक्सरच्या भांड्यासाठी कोण जाणार तिथे, हे मलाही कळतं, आणि कंपनीलाही कळतं, म्हणूनच तर हे चाललंय. पण मेलला तरी पाच मिनिटं लागतात. माझ्या मेलची पोच आली, लिहिलंय की आम्ही संबंधित विभागाकडे पाठवलंय. मी फुटेजही जोडलंय, कुत्रीसकट.

आणि नाशिककरांनो, ज्यांचं अडकलंय त्यांनी हबला सकाळी जाऊ नका, सकाळी सगळ्या गोणी रायडरबरोबर बाहेर पडलेल्या असतात. संध्याकाळी साडेसातनंतर जा, गाड्या परत आल्यावर. ट्रॅकिंग नंबर कागदावर मोठा लिहून न्या, आत रेंज नसते. ओळखपत्र न्या. आणि तिथल्या पोरांवर ओरडू नका, ओरडून गोणीतलं पार्सल वर येत नाही, मी आधी ओरडून बघितलंय.

भांडं चांगलं आहे. कोपरा खोक्याचाच चेपला होता, आत काही झालं नव्हतं. झाकण जरा घट्ट बसतं, पहिल्या दिवशी उघडताना बायकोने अण्णांना बोलावलं. चटणी छान बारीक होते. अण्णा अजून म्हणतात खलबत्त्याची चव नाही, आता खलबत्ता त्यांच्याच हातात दिलाय.